पोर्तुगीजांना हाकलले, मग त्यांचा अभ्यास कशाला?

प्रश्न : आमची नात कोल्हापुरात बी.ए. करते. आता गोव्याला जाऊन पोर्तुगीजचा एम.ए. करायचं तिच्या डोक्यात आलंय. नुसती भाषा नाही म्हणते, तर पोर्तुगीज बोलणाऱ्या सगळ्या देशांची संस्कृती, त्या लोकांची ओळख वगैरे. मी म्हटलं, चिमाजी अप्पांनी ह्यांना वसईतून हाकललं, १९६१ ला आपल्या लष्करानं गोव्यातून हाकललं. आता त्यांच्याकडून आपण काय शिकायचं राहिलंय? ती हसली आणि म्हणाली, आजोबा, पेपरात विचारा. म्हणून विचारतो. हा अभ्यास म्हणजे नेमकं काय, आणि तासगाव-सांगलीकडच्या माणसाचा त्याच्याशी संबंध तरी काय? बटाटा-पाव-चावी सांगू नका, ते शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.
ता. क. : पुढं पोटापाण्याचं काय, तेही लिहा.
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : बटाटा-पाव नको म्हणालात ते बरे केलेत. पोर्तुगीज हा विषय निघाला की आमच्यासारखे लोक त्या यादीवर अर्धे पान भरतात आणि मूळ गोष्ट राहून जाते.

मूळ गोष्ट अशी की पोर्तुगीज भाषेचे जग म्हणजे पोर्तुगाल नव्हे. त्या देशाची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, म्हणजे जेमतेम आपल्या पुणे जिल्ह्याएवढी. भाषा बोलणारे मात्र जगात सुमारे २६ कोटी, आणि त्यातले २० कोटींहून अधिक एकट्या ब्राझीलमध्ये. उरलेले अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, साओ तोमे व प्रिन्सिपे, पूर्व तिमोर या देशांत. पूर्व तिमोर सोडून ह्या सगळ्यांनी पोर्तुगाल-ब्राझीलसह १९९६ मध्ये लिस्बनला एक राष्ट्रसमूह स्थापन केला. पूर्व तिमोर त्यात २००२ मध्ये आला, आणि २०१४ मध्ये तर स्वातंत्र्यापूर्वी स्पेनची वसाहत असलेला विषुववृत्तीय गिनीही आत शिरला. भारत २०२१ पासून त्याचा सहयोगी निरीक्षक आहे. ह्या जगाला अभ्यासक ‘लुसोफोन’ म्हणतात. तुमची नात जो अभ्यास म्हणते तो ह्या सगळ्यांचा : त्यांचे साहित्य, संगीत, गुलामांचा व्यापार, स्वातंत्र्याच्या लढाया, आणि ह्या सगळ्यातून गेलेला माणूस स्वतःला कोण समजतो हा प्रश्न.

हा शेवटचा प्रश्नच खरा चविष्ट. कारण ह्या देशांना एकत्र बांधणारी भाषा प्रत्येक घरात बोलली जाते असे अजिबात नाही. केप व्हर्देमध्ये घरात आणि गाण्यात चालते ती क्रियोल. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा आहे, पण मातृभाषा म्हणून ती बोलणारे अल्पसंख्य. त्यामुळे ‘पोर्तुगीज भाषिक जग’ ही खरी वस्तू आहे की जुन्या साम्राज्याची आठवण काढणाऱ्यांनी लावलेली पाटी आहे, यावर त्या देशांतच जोरदार भांडण चालू आहे. हा अभ्यास म्हणजे पोर्तुगीजांची आरती असेल अशी भीती तुम्हाला वाटत असेल, तर ती सोडा. साम्राज्याची सर्वांत कडक उलटतपासणी आज ह्याच अभ्यासात होते.

तुमच्या भागातले उदाहरण घेतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडचे गलाईवाले सोने-चांदी गाळायच्या धंद्यासाठी पार केरळ-तामिळनाडूपर्यंत पसरले. तिथे वाढलेला मुलगा शाळेत तमिळ बोलतो, दुकानात हिंदी, घरात माणदेशी मराठी आणि यात्रेला गावी येतो. त्याला ‘तू कोण?’ विचारले तर तो एका शब्दात काय सांगणार? आता ह्या मुलाच्या जागी मडगावचा, दीवचा, मोझांबिकचा माणूस ठेवा आणि मागे चार-साडेचार शतकांचे परके राज्य उभे करा. नातीचा विषय तुमच्या ध्यानात येईल.

ह्यातली एक गंमत सांगतो. १९५० नंतर भारताने गोव्यावर हक्क सांगायला सुरुवात केली तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार जगाला सांगू लागला की गोवा ही वसाहतच नाही, तो पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, तिथले लोक मनाने पोर्तुगीज आहेत. ह्या दाव्याला आधार म्हणून ब्राझीलचे नामांकित समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेरे यांना सरकारी पाहुणे करून वसाहतींचा दौरा घडवला. तो दौरा १९५१ मध्ये सुरू झाला आणि त्यात गोवाही होता. फ्रेरे यांचे म्हणणे असे की पोर्तुगीज माणूस उष्ण प्रदेशात गेला की तिथल्या लोकांत मिसळून जातो, इतर गोऱ्यांसारखा फटकून राहत नाही. सालाझारला हे फार गोड वाटले. पण सरकारने आणखी एका विद्वानाला पाठवले आणि तिथे पंचाईत झाली. भूगोलतज्ज्ञ ओर्लांदो रिबेरो १९५६ मध्ये गोव्यात हिंडले. त्यांनी पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या आणि बेटांवरच्या वसाहती आधी पाहिल्या होत्या. गावोगाव फिरून त्यांनी सरकारला जो अहवाल दिला त्याचा मथितार्थ असा : आपल्या ताब्यातल्या मी पाहिलेल्या प्रदेशांत गोवा हा सर्वांत कमी पोर्तुगीज आहे, आपली भाषा इथे थोड्यांनाच येते. तो अहवाल बासनात गेला आणि पुस्तकरूपाने छापला गेला १९९९ मध्ये. त्यात सांगितलेली गोष्ट फोंडा-डिचोलीतल्या कुठल्याही शेतकऱ्याने फुकटात सांगितली असती, पण ती पोर्तुगीज विद्वानाने पोर्तुगीज सरकारला सांगितली यात त्या माणसाचा ताठ कणा दिसतो. मला विचाराल तर ह्या विषयाच्या विद्यार्थ्याने फ्रेरे आणि रिबेरो एकापाठोपाठ वाचावेत. सरकारी ओळख आणि खरी ओळख यांत किती अंतर असते ते दोन पुस्तकांत कळते.

आणि त्या अंतरात सापडलेल्या माणसाचे काय होते? वामन नावेलकर हे चित्रकार बार्देशातल्या पोंबुर्पा गावचे, जन्म १९२९ चा. शिष्यवृत्ती मिळवून लिस्बनच्या ललितकला शाळेत शिकायला गेले. ते तिथे असतानाच १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. भारताचा निषेध करणाऱ्या पत्रकावर सही करा, असा दबाव त्यांच्यावर आला. त्यांनी सही केली नाही. मग शिष्यवृत्ती गेली आणि ते मोझांबिकला जाऊन शिक्षक झाले. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला आणि नव्या क्रांतिकारी राजवटीने ह्याच माणसाला कैदेत टाकले. सुटून लिस्बनला परतले तर चित्रांनी भरलेली पेटी प्रवासात गहाळ. १९८२ मध्ये ते पोंबुर्प्याला परत आले आणि २०२१ मध्ये वारले. पोर्तुगालला ते भारतीय वाटले, मोझांबिकला पोर्तुगीज वाटले आणि गोव्याने त्यांना पुष्कळ वर्षे ओळखलेच नाही. चित्रांवर ते सही करत ‘गणेश’ अशी, वारलेल्या भावाच्या नावाने.

तुम्ही म्हणाल, हे झाले गोव्याचे. आमचे काय? तर आता साताऱ्याकडे येतो. तासगाव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. मग ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले. त्या साताऱ्याची गादी जाण्याच्या कहाणीत गोव्याचा गव्हर्नर बसलेला आहे, हे फार थोड्यांना आठवते.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने सप्टेंबर १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांच्यावर तीन आरोप ठेवले होते. इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई फितवले, नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, आणि गोव्याचा गव्हर्नर दों मानुएल याच्याशी संकेश्वरच्या स्वामींमार्फत गुप्त पत्रव्यवहार करून इंग्रजांना घालवण्यासाठी पोर्तुगालहून फौज आणण्याचा बेत केला. ह्यातल्या तिसऱ्या आरोपाकडे जरा पोर्तुगालच्या बाजूने पाहा. ज्या काळात ही फौज येणार होती असे साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट सांगत होता, त्या काळात खुद्द पोर्तुगालमध्ये दोन राजबंधू, पेद्रो आणि मिगेल, गादीसाठी एकमेकांशी युद्ध करत होते. १८३४ पर्यंत ते चालले. १८२२ मध्ये ब्राझीलसारखा सोन्याचा खजिना हातचा गेलेला. अशा राज्याने साताऱ्यासाठी हजारो सैनिक जहाजांत भरून पाठवावेत? लिस्बनची त्या वेळची अवस्था ठाऊक असलेला माणूस हा आरोप वाचून हसेल. पण साताऱ्यात ती कोणाला ठाऊक असणार! महाराजांना काशीला नेऊन ठेवले. तिथेच ते १८४७ मध्ये वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८४० ते १८५३ तिथे झगडत राहिले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ह्यावर मराठीत पुस्तक लिहिले आहे, ते वाचनालयात मिळाले तर जरूर वाचा. साताऱ्याचे प्रकरण आपण इंग्रजी कागदांवरून आणि मराठी कागदांवरून वाचत आलो. गोव्याच्या गव्हर्नराची कचेरी आपले कागद पोर्तुगीजमध्ये ठेवत होती. ते वाचणारा साताऱ्या-सांगलीकडचा माणूस कुठे आहे?

दुसरे नाव तर थेट सांगलीचे. मोहन रानडे. मूळ नाव मनोहर आपटे, जन्म १९३० चा, सांगलीत. मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेले आणि लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात ठेवले. सालाझारचे स्वतःच्या देशातले विरोधकही त्याच तुरुंगात सडत होते. आता इथे बघा, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. ज्या कामासाठी रानडे आत गेले ते काम झाले. पण ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी! पोर्तुगालच्या लेखी गोवा गेलेलाच नव्हता. भारताचे गोव्यावरचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते १९७४ च्या ३१ डिसेंबरला, तेही तिथली हुकूमशाही उलथल्यावर. रानड्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी किती खटपट केली हे जुन्या लोकांना आठवत असेल. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त करायला फडके स्वतःही गेले होते. रानड्यांच्या आठवणींचे ‘सतीचे वाण’ हे पुस्तक आहे. ते आपण देशभक्तीचे पुस्तक म्हणून वाचतो आणि त्यात काही चूक नाही. पण अंगोलाच्या, मोझांबिकच्या, खुद्द पोर्तुगालच्या राजकैद्यांनी लिहिलेल्या आठवणींच्या शेजारी ते ठेवले तर तो एकाच पोलीसयंत्रणेचा, एकाच हुकूमशाहीचा इतिहास आहे हे दिसते. तिकडच्या विद्यापीठांत तुरुंगसाहित्यावर अभ्यास होतो. त्यात सांगलीच्या माणसाचे मराठी पुस्तक यायला हवे की नको? ते आणायचे तर मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही येणारे कोणीतरी लागेल.

गोव्याच्या लढ्याला आफ्रिकेचे अंग होते, हेही आपल्याकडे कमी बोलले जाते. १९६१ च्या एप्रिलमध्ये मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींची परिषद भरली, तिच्यात गोव्याचे कार्यकर्ते होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर चर्चासत्र झाले आणि आफ्रिकेतले नेते इथे आले. दोन महिन्यांनी लष्कर गोव्यात शिरले. गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा पुढे मोझांबिकच्या राष्ट्राध्यक्षांचे, सामोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार झाले. १९८६ मध्ये माशेल यांच्या विमानाला अपघात झाला त्यात तेही गेले. आणि उलट टोकाचे उदाहरण हवे असेल तर अंतोनियो कोस्टा : आजोबांचे घर मडगावचे, वडील लेखक आणि जन्माने मोझांबिकचे, स्वतः २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान, आता युरोपीय परिषदेचे अध्यक्ष. एकाच छोट्या गोव्यातून निघालेल्या ह्या वाटा.

कोकणात उतरलात तर मात्र सगळ्यांत नवलाची गोष्ट रायगड जिल्ह्यात आहे. रेवदंड्याच्या समोर, कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव. वर किल्ला, खाली वस्ती. हे गाव ज्यात होते तो चौलचा मुलूख १७४० मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांच्या हवाली केला आणि ते निघून गेले. अधिकारी गेले, पाद्री पुष्कळसे गेले. पण किल्ल्याखालची गरीब ख्रिस्ती कुटुंबे जागची हलली नाहीत, आणि त्यांनी आपली बोली टाकली नाही. आज पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही त्या वस्तीत जेमतेम हजारभर लोक ती बोलतात. तिला ते ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची बोली. शब्द पोर्तुगीज, पण वाक्य जुळते ते मराठीच्या चालीने : पोर्तुगीजमध्ये क्रियापद मध्ये येते, कोर्लईत ते आपल्यासारखे शेवटी जाऊन बसते. संबंध दाखवणारे काही तुकडेही आपल्यासारखे नामाच्या मागून येतात. शाळा मराठी, बाजार मराठी, शेजारचे कोळी-आगरी मराठी, मग दुसरे होणार काय! क्लान्सी क्लेमेंट्स ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने ह्या बोलीवर १९९६ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्याकडचे पर्यटक कोर्लईला जातात ते दीपगृह आणि मासे यांच्यासाठी, आणि पायाखालून काय चालले आहे ह्याचा पत्ता नसतो. ही माणसे पोर्तुगीज आहेत का? त्यांना विचाराल तर ती महाराष्ट्रातली आहेत, कोर्लईची आहेत, ख्रिस्ती आहेत. ‘पोर्तुगीज’ हा शिक्का बाहेरून आलेल्यांना मारायचा असतो.

गोव्यात हेच उलट्या बाजूने दिसते. सावईवेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई हे मराठीतले मोठे कथाकार. पोर्तुगीज अमलाविरुद्ध लिहिले, तुरुंग पाहिला. आणि गोवा मुक्त झाल्यावर, म्हणजे पोर्तुगीजमध्ये लिहिण्याचा काडीचाही फायदा उरला नाही तेव्हा, त्यांनी पोर्तुगीजमध्ये कथा-कविता लिहिल्या. पुढे कोकणी लेखनासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार घेतला. मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषा एका माणसाच्या हातात. त्यांना कुठल्या एका खणात ठेवायचे? मराठीच्या इतिहासात त्यांच्या पोर्तुगीज लेखनाला जागा नाही, पोर्तुगीजच्या इतिहासात मराठी कथांना नाही. दोन्ही वाचू शकणारे वाचकच नाहीत, म्हणून.

इथेच माझे म्हणणे येते. ह्या अभ्यासाचा भारतातला भाग अर्धा राहिला आहे, कारण लिस्बनच्या अभ्यासकाला मराठी येत नाही, मोडी लिपी तर नाहीच नाही, आणि आपल्या इतिहासप्रेमींना पोर्तुगीज येत नाही. पूर्वी एक माणूस दोन्ही बाजू सांभाळत होता. पांडुरंग पिसुर्लेकर, सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे, १८९४ ते १९६९. गोव्याचे सरकारी दप्तर त्यांनी लावले, वाचले आणि जगापुढे आणले. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढला. पेशव्यांच्या दरबारात पोर्तुगीजांचे वकील म्हणून बसणारे पुष्कळदा गोव्यातले शेणवी हिंदू होते हे त्यांनीच कागदपत्रांनिशी दाखवले. ओळखीचा घोळ अठराव्या शतकातही होताच! त्यांच्यानंतर स. शं. देसायांनी पोर्तुगीज दप्तरातले पुष्कळ साहित्य मराठीत आणले. त्यापुढची रांग लांब नाही.

आणि कागद किती! पणजीच्या पुराभिलेखागारात ‘मान्सूनची पुस्तके’ नावाची मालिका आहे. जहाजे वाऱ्यावर चालायची, म्हणून लिस्बन-गोवा पत्रव्यवहार वर्षाच्या ठरावीक काळातच व्हायचा, त्या पत्रांच्या ह्या बांधीव वह्या. दुसरी मालिका ‘शेजारी राजे’ ह्या नावाची. त्यात छत्रपती, पेशवे, सावंत अशा शेजाऱ्यांशी झालेला व्यवहार आहे. शिवाजी महाराजांचे कोस्मे द ग्वार्दा याने लिहिलेले पोर्तुगीज चरित्र लिस्बनला १७३० मध्ये छापले गेले. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात तर रामायण-महाभारताच्या कथा कोकणीत आणि मराठीत, पण रोमन लिपीत उतरवून घेतलेली जुनी हस्तलिखिते पडून आहेत. पाद्र्यांनी धर्मप्रसारासाठी ती गोळा केली. त्यांच्या हेतूशी आपल्याला कर्तव्य नाही. गोव्यात मूळ पोथ्या जाळल्या गेल्या आणि नकला शत्रूच्या घरी टिकल्या, हे खरे.

म्हणून नातीला माझा सल्ला असा. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा एम.ए. आहे, तो चांगला आहे, जरूर करावा. पणजीतच पोर्तुगाल सरकारच्या कामोंईश संस्थेचे भाषाकेंद्र आहे, पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्राचे ग्रंथालय आहे. प्रवेशाच्या अटी तिने विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहाव्यात. पण निघण्याआधी मोडी शिकून घ्यावी. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. मोडी वाचणारी, पोर्तुगीज वाचणारी आणि माणदेशी मराठी कानात असलेली मुलगी पणजीच्या दप्तरात जाऊन बसली, तर तिच्या तोडीचा माणूस लिस्बनमध्येही शोधावा लागेल.

आता ता. क. मधल्या पोटापाण्याबद्दल. सरकारी नोकरीची हमी मी देणार नाही. अनुवाद, दुभाषाचे काम, शिकवणे, ब्राझीलशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या एवढे मार्ग आहेत. मोझांबिकमधून आपण तूर आणतो, २०१६ मध्ये दोन्ही सरकारांनी त्याचा करार केला. आफ्रिकेत धंदा करणाऱ्यांना ही भाषा जाणणारी माणसे लागतात. मुली-मुलांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो असे कोणी सांगेल, तर ते गोवा-दमण-दीवमध्ये १९६१ च्या मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांच्या वंशजांपुरते आहे. तासगावकरांनी त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत.

पण एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही बागायतदार आहात. ब्राझीलच्या ईशान्येला पेत्रोलिना नावाचे शहर आहे. आटपाडी-कवठेमहांकाळसारखाच कोरडा, दुष्काळी मुलूख. साओ फ्रान्सिस्को नदीवर सोब्रादिन्यो धरण झाले, उपसा पाणी आले आणि द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. तिथे थंडी नाही, त्यामुळे छाटणीचे वेळापत्रक माणूस ठरवतो आणि वर्षाला दोन पिके काढतो. आपण खरड छाटणी करून ऑक्टोबर छाटणीवर एकच पीक घेतो. त्यांच्याकडेही दावण्या, त्यांच्याकडेही भुरी. युरोपच्या बाजारात तो माल तुमच्या मालाचा स्पर्धक. तिथल्या ‘एम्ब्रापा’ ह्या सरकारी संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ‘बीआरएस व्हितोरिया’ ही काळी बिनबियांची जात काढली, आणि छाटणी, फवारणी, पाणी यांवर संस्था शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढत असते. त्या पुस्तिका पोर्तुगीजमध्ये असतात. म्हणजे नात एम.ए. होऊन आली तर पहिले काम तिला तुमच्या बांधावरच आहे.

जाता जाता बाकीच्या वाचकांनाही एक विनंती. १९५४-५५ मध्ये सातारा-सांगली भागातून गोवा आणि दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात गेलेल्यांच्या घरी पत्रे, तुरुंगातून आलेली कार्डे, फोटो, सुटकेचे कागद अजून ट्रंकांत असतील. रद्दीत घालू नका. त्यांच्या छायाप्रती काढून एक संच गावच्या वाचनालयात द्या आणि मागच्या बाजूला कोणाचे, कुठले, कधीचे एवढे पेन्सिलीने लिहून ठेवा.